अकरा नंबरची पेटी

तेवीस वर्षांच्या आयुष्यात स्वराली घार्गेने आठ वेळा अख्खं घर ट्रकमध्ये भरलं होतं. वडील शिवाजीराव फौजेत नायब सुभेदार, गाव माण तालुक्यातलं. पण गावाकडे ही माणसं वर्षातून महिनाभर, सुट्टीपुरती. बाकीचा सगळा संसार पत्र्याच्या काळ्या पेट्यांतला. प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगाने नंबर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली. एक नंबरमध्ये देव, दोन-तीनमध्ये स्वयंपाकघर, अकरा नंबर स्वरालीची. यादी लिहायचं काम ती नऊ वर्षांची असताना तिच्याकडे आलं, कारण तिच्या आईचं, सावित्रीबाईंचं, अक्षर दोन दिवसांनी त्यांचं त्यांनाच लागत नसे. शिवाजीरावांचा नियम एकच होता, क्वार्टर सोडताना खिळासुद्धा मागे राहता कामा नये. पठाणकोटला एकदा एक झारा मागे राहिला, तर सावित्रीबाई चार वर्षं त्या झाऱ्याची आठवण काढत होत्या.

अशा घरातली पोरगी हट्टाला पेटली की मी इथेच झाशीत राहणार.

आता तिचंही खरंच होतं. सात शाळा झाल्या होत्या. प्रत्येक गावात पहिल्या वर्षी ती नवी, दुसऱ्या वर्षी ओळखीची आणि तिसऱ्या वर्षी जाणारी. चौथं वर्ष कसं असतं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. झाशीत तिचं बी.कॉम. पुरं झालं. बिजौलीत एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली. मोठ्या यंत्रांसाठी लाकडी खोके बनवून द्यायचे, असं तिथलं काम. मुलाखतीत मालकांनी विचारलं, "पैकिंग का कुछ आता है?" तेव्हा तिला हसू आवरेना. आठ महिने झाले, टेम्पोवाले तिला बघून थांबायला लागले, भाजीवाली नावाने हाक मारायला लागली, आणि नेमका तेव्हाच वडिलांच्या हातात फिरोजपूरच्या बदलीचा कागद आला.

शिवाजीराव घरात कधी ओरडत नसत. ओरडायचं काम युनिटमध्ये पुरेसं होत असावं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना अट घातली.

"एक महिना देतो. एकटीनं राहून दाखव. आमच्याकडं काही मागायचं नाही. पाठवा म्हणायचं नाही, या म्हणायचं नाही. अडलं म्हणून फोन केलास, की मी पुढच्या गाडीनं येणार आणि तू सामानासकट फिरोजपूरला."

"आणि नाही केला तर?"

"तर राहा."

"ही काय लढाई आहे का हो?" सावित्रीबाई म्हणाल्या. पण बाप आणि लेक दोघंही ताटाकडे बघत होते. दोघांच्या नाकाचा शेंडा अगदी सारखा लाल झाला होता, आणि असं झालं की सावित्रीबाई त्या दोघांच्या मध्ये पडत नसत.

खोली मिळाली खंडेराव गेटपाशी, विजयालक्ष्मीबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर. बाई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. सारी गल्ली त्यांना जीजी म्हणते. त्यांचं घराणं अडीचशे वर्षांपूर्वी इकडे आलं ते इकडचंच झालं. "आम्ही महाराष्ट्र बघितला तो टीव्हीवर, आणि एकदा शिरडीला जाताना," असं त्या स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. त्यांची मराठी ऐकून स्वरालीला पहिल्यांदा गंमत वाटली. नंतर लक्षात आलं, की फौजेतल्या पोरीची मराठी तरी कुठे धड होती!

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ट्रक दाराशी लागला. स्वरालीने आपलं सामान आदल्या दिवशीच लहान खोलीत वेगळं काढून ठेवलं होतं. अकरा नंबरची पेटी, तिची वळकटी, आणि एका पोत्यात शेगडी, कुकर, ताट-वाट्या. यादीसुद्धा तिने नीट केली होती. एक ते दहा, मग एकदम बारा. कागदावर काहीच चूक नव्हती.

चूक झाली ती तोंडाची. ट्रकच्या फळीपाशी उभं राहून नंबर पुकारायचे, हे काम ती इतकी वर्षं करत आली होती की त्यासाठी कागदाकडे बघावं लागत नसे. हमाल आतून विचारायचा, "आगे, दीदी?" आणि ती ओरडायची. आठ. नौ. दस. ग्यारह. दहानंतर तोंडाला दुसरं काय येणार? हमाल लहान खोलीत गेला, अकरा नंबर उचलून घेऊन आला, आणि तिच्यासमोरून ती पेटी चढवली गेली. तेव्हा ती मान वळवून आईला सांगत होती, की देवांची पेटी खाली नको, वर ठेवायला सांग. वळकट्या शेवटी, हा घरचा रिवाजच. तीन होत्या, तिन्ही गेल्या. पोतं तर कुणीतरी आपणहून नेलं.

ट्रक गेला. मग क्वार्टर परत द्यायची तपासणी करायला एक बाबू आला. त्याने पंखे मोजले, नळ उघडून-मिटून पाहिले, खिडक्यांच्या काचा बघितल्या. लहान खोलीच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "सब खाली है जी. बहुत बढ़िया."

स्वरालीने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. अकरा नंबर नव्हती, वळकटी नव्हती, पोतंही नव्हतं.

ट्रक अजून दतियापर्यंतही पोचला नसेल. ड्रायव्हरला एक फोन केला असता तर तो रस्त्याकडेला थांबला असता. पण ड्रायव्हरचा नंबर वडिलांकडे होता. म्हणजे वडिलांना सांगायचं, की बाबा, एकटं राहायच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला माझं अडलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात शिवाजीरावांनीच विचारलं, "तुझं सामान?"

"सकाळीच खोलीवर पोचवलं," ती म्हणाली.

"शाब्बास," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून वर्षातून एकदा निघाला तर निघाला. तो असा, खोट्यावर खर्च झाला, याचं तिला फार लागलं.

दुपारच्या पंजाब मेलला ती त्यांना सोडायला गेली. गाडी सुटताना सावित्रीबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या गालाला लावला. "निळी रजई पेटीत सगळ्यात वर ठेवलीय बघ. आजच काढ. इथली थंडी वाईट." ती "हो" म्हणाली. प्लॅटफॉर्म रिकामा झाल्यावर तिने आपली झडती घेतली. अंगावर शाल, खांद्याला पिशवी, पिशवीत मोबाइल, कागदपत्रं, एक ड्रेस आणि आईने दिलेला डबा. डब्यात दोन दिवस पुरतील अशा दशम्या होत्या. एवढ्या सामानावर माणूस लग्नाला जातो, राहायला जात नाही.

खोलीत शिरल्या शिरल्या जीजी वर आल्या. चारी भिंती पाहून म्हणाल्या, "सामान मागून येतो का तुझा?"

"हो. ट्रकला उशीर होतोय."

"बरं," जीजी म्हणाल्या आणि एक सतरंजी आणून टाकली. दुसऱ्या दिवशी ट्रक आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. जीजींनी आयुष्यभर टेलिफोनवर दोन टोकांच्या माणसांची बोलणी जोडून दिली होती. कुठे काय तुटलंय हे त्यांना सांगावं लागत नसे. चौथ्या दिवशी त्या ताट, तांब्या, पातेलं घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या.

"ठेव गं. माझ्याकडे किती तरी पडलेत."

"नको जीजी. मला माझं माझं जमवायचंय."

"मागायला शरम कशाची, बेटा?"

"शरम नाही. अट आहे," स्वराली म्हणाली. जीजींना काही कळलं नाही, पण त्यांनी भांडी परत नेली. खरं तर अट फक्त आईवडिलांपुरती होती. जीजींचं ताट घेतलं असतं तर कुठलाही नियम मोडत नव्हता. पण पोरगी शिवाजीरावांची. त्यांनी एक हात रेघ मारून दिली असती तर हिने ती स्वतःच दोन हात लांब ओढली असती.

तर मग जमवाजमव सुरू झाली. मानिक चौकातून एक पातेलं, एक ताट, एक पेला आणि विजेची शेगडी आली. पांघरूण पगारावर ढकललं, तोवर दोन्ही ड्रेस आणि शाल एकावर एक. कारखान्यात फोरमन मुकेश भैयाला तिने विचारलं, नापास झालेल्या फळ्या नेऊ का. "ले जाओ, पर करोगी क्या?" तो म्हणाला. दोन संध्याकाळी कारखान्यातच थांबून तिने फळ्या जोडल्या, खिळे ठोकले, आणि टेम्पोच्या टपावर घालून एक बुटकी खाट खंडेराव गेटला आणली. खाटेच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात 'यह भाग ऊपर' छापलेलं होतं, बाणासकट. जीजी त्या खाटेकडे बघून इतक्या हसल्या की त्यांना जिन्यावर बसावं लागलं.

फळ्यांचं एक वेळ सोपं होतं. संध्याकाळचा फोन फार अवघड. सावित्रीबाई रोज सातला फोन करत. फिरोजपूरला अजून क्वार्टर मिळालं नव्हतं. दोघं एका खोलीत होती आणि सगळ्या पेट्या कुठल्याशा शेडमध्ये बांधल्या तशा पडून होत्या. म्हणजे कुणाला काही कळायचा प्रश्न नव्हता. सावित्रीबाई विचारायच्या, "कुकरची शिट्टी नीट होतेय का?"

"होतेय."

"आणि रजई?"

"मस्त ऊबदार आहे."

तिला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि आईशी तर नव्हतीच. आईने विचारावं आणि आपण थाप मारावी, आईने ती खरी मानून सुखावावं, याने तिचा जीव रोज थोडा थोडा खाल्ला. दहाव्या-अकराव्या दिवशी तिला सर्दीने धरलं. सावित्रीबाईंनी पहिल्याच शब्दावर ओळखलं, "आवाज बसलाय तुझा. रजई नीट घेत नाहीस ना अंगावर?" त्या वेळी स्वरालीच्या ओठावर आलं होतं, आई, रजई तुझ्याच जवळ आहे गं. मला थंडी वाजते. तू ये. तिने फोन तोंडापासून लांब धरला आणि पदर नव्हता म्हणून बाहीला डोळे पुसले. "घेते की," ती म्हणाली. जीजींनी त्या दिवशी अट-बिट काही ऐकून घेतली नाही. सुंठीचा काढा आणून समोर उभं राहून प्यायला लावला.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, फोन वाजला. आईचा नव्हता. शिवाजीराव स्वतः कधी फोन करत नसत.

"अकरा नंबर इथं आहे," ते म्हणाले.

स्वराली खाटेवर बसली.

"क्वार्टर मिळालं आज. पेट्या उघडल्या," ते म्हणाले. मागे सावित्रीबाईंचा काहीच आवाज नव्हता, आणि त्यांचा आवाज नसणं हे घार्ग्यांच्या घरात चांगलं लक्षण नव्हे. "पुढच्या रविवारी येतो," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. संध्याकाळी सातला फोन येत होता, पण आई दोनच शब्द बोलून ठेवायची. कारखान्यात खोक्यांवर शिक्के मारताना ती मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होती. मोडलंय का मी काही? फोन केला नाही, मागितलं नाही, बोलावलं नाही. पण खोटं बोलले, आणि फौजी माणसापुढे खोट्याची सुट्टी नसते. ते म्हणतील चल, आणि आजवर ते चल म्हणाले की घरातलं प्रत्येक माणूस चाललंय. ती खोली तिला आता फार आवडायला लागली होती. सकाळी खिडकीतून गल्लीत दूधवाल्याची घंटा ऐकू येई आणि तो वर बघून विचारी, "आज आधा कि पाव, बहनजी?" इतकंच. पण असं विचारणारा दूधवाला मागे ठेवून जायचं तिच्या अंगावर आलं होतं.

रविवारी अकराच्या सुमारास शिवाजीराव जिना चढून आले. खांद्यावर पेटी, पेटीवर दोरीने बांधलेली वळकटी. पोतं एकट्याला झेपेना म्हणून फिरोजपूरलाच राहिलं होतं. पोरीला स्टेशनवर यायला त्यांनी आईकरवी मनाई केली होती. त्यांनी पेटी खाली ठेवली, घाम पुसला आणि उभ्या उभ्या खोली बघितली. खाट बघितली, बाण बघितला. खाटेचा पाय हलवून पाहिला. तो हलला नाही. खिळ्यावर टांगलेलं एक ताट, फळीवर एक पातेलं, एक पेला. सतरंजी घडी घालून ठेवलेली. स्वराली दाराशीच उभी होती. ते काही बोलायच्या आत बोललं नाही तर आपल्याला कधीच बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"बाबा, मी येणार नाही," ती म्हणाली. वाक्य मोठं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं. मग तिने चौकट धरली.

शिवाजीराव खाटेवर बसले. त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या.

"तुझ्या आईनं पेटी उघडली," ते म्हणाले, "आणि रजई मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, एकोणीस दिवस पोरगी मला सांगतेय की रजई मस्त ऊबदार आहे. मला म्हणाली, ही थंडी तुम्ही घातलीत तिला."

"तुमची चूक नव्हती, बाबा. माझ्याच तोंडून अकरा नंबर..."

"ते कळलं मला. दहानंतर अकराच येणार. माझ्याही तोंडून आला असता." त्यांनी किंचित हसल्यासारखं केलं आणि लगेच ते हसू आवरलं. "खोटं बोललीस याचा राग आला होता. दोन दिवस होता. मग विचार केला, ही पोरगी जन्मात माझ्याशी खोटं बोलली नाही. थंडीनं आजारी पडली तरी सांगेना. का? तर सांगितलं की हरली, असं मीच करून ठेवलं होतं. बापाशी खरं बोलायची सोय मीच बंद केली." युनिटमधल्या कुणी तो आवाज ऐकला असता तर ओळखला नसता. "चुकलं माझं, स्वरा. ती अट काही बरोबर नव्हती. आता अट नाही. अडलं तर फोन करायचा. अडलं म्हणून परत यायचं, असं नाही."

स्वरालीला वाटलं होतं आपण भांडू, निदान रडणार तरी नाही. पण ती जी रडायला लागली ती थांबेना. शिवाजीराव उठले नाहीत, जवळ आले नाहीत. तसं करायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी खाटेवर आपल्या शेजारी हाताने दोनदा थापटलं. ती जाऊन बसली. दोघांच्या वजनानेही खाट करकरली नाही, आणि याचा दोघांनाही मनातून अभिमान वाटला.

"मी न्यायला आलो नाही," ते म्हणाले. "पेटी द्यायला आलो. परतीची गाडी उद्याची आहे. युनिटच्या गेस्टरूमला सांगून ठेवलंय, तिकडं जाईन. पण..." छातीवर पदकं लावून परेडला उभा राहणारा माणूस, आणि आता बोटांनी खाटेच्या फळीची कड चाचपत होता. "तुला चालत असेल तर एक दिवस इथंच राहू का?"

तिला आधी वाटलं ते थट्टा करतायत. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"विचारता काय बाबा?"

"विचारायलाच पाहिजे," ते म्हणाले. "घर तुझं आहे."

स्वराली उठली. तोंडावर पाणी मारलं, डाळ-तांदूळ शिजत ठेवले आणि जिना उतरून खाली गेली. जीजी अंगणात बसून शिंगाडे सोलत होत्या. स्वराली त्यांच्यासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले, आणि तरी अख्खं तोंड हसत होतं.

"जीजी, एक ताट द्याल का? आणि एक वाटी. पेलाही द्या."

जीजींच्या हातातली सुरी थांबली. सव्वीस दिवसांत पोरीने पहिल्यांदा काही मागितलं होतं.

"का गं? कोण आलंय?"

"माझ्याकडे बाबा आलेत," स्वराली म्हणाली. "जेवायला."